मेक्सिकोचा पाऊस, पुण्याचा पाऊस

जानेवारीत पुण्यात घेतलेलं कुठलंही एचेवेरिया (जाड पानांत पाणी साठवणारं एक सक्युलंट) देखणंच निघतं. रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरलेला असतो, दिवसभर कोरडं, स्वच्छ ऊन असतं, आणि अशा हवेत पानांच्या कडा गुलाबी होतात, पाकळ्यांसारखी पानं घट्ट मिटून बसतात. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एका स्टॉलवर अशी रोपांची ओळच मांडली होती. मी त्यातली तीन उचलली: पांढरट निळं एचेवेरिया एलेगन्स, जांभळट ‘पर्ल फॉन न्यूर्नबर्ग’ आणि घोस्ट प्लांट म्हणून विकतात ते ग्राप्टोपेटलम.

“काही करावं लागत नाही हो ताई याला. आठवड्याला दोन चमचे पाणी, बास,” विकणाऱ्याने सांगितलं.

हे दोन चमचे मला नंतर प्रत्येक नर्सरीत भेटले. दोन चमच्यांनी वरची अर्धा इंच माती तेवढी भिजते. खालची मुळं कोरडीच राहतात आणि वाळून जातात, आणि झाड वरच्या ओल्या थरात केसांसारखी बारीक मुळं काढून कसंबसं तगतं. पुढे कधी तरी पाहुणा माणूस दया येऊन तांब्याभर पाणी ओततो, तेव्हा ते पाणी प्यायला खाली मुळंच नसतात. सक्युलंट मेलं की दोष पाण्यावर येतो, पण सुरुवात बऱ्याचदा या चमच्यांपासून झालेली असते.

घरी आणल्यावर कुंड्या उलट्या केल्या. आत सगळं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. नर्सरीवाल्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे; ते हलकं असतं, टेम्पोत शेकडो रोपं चढवायची तर तेच परवडतं. घरात मात्र त्याचे दोन्ही स्वभाव नडतात. ओलं झालं की मधला गोळा ओलाच राहतो आणि पूर्ण वाळलं की पाणी आत घेतच नाही, कडेने वाहून जातं. मी मुळांना चिकटलेलं कोकोपीट बोटांनी सोडवलं, उरलेलं पाण्याखाली धुतलं, काळी पडलेली मुळं कापली आणि रोपं वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस सावलीत तशीच उघडी ठेवली. आई आली होती. तिने ती उघडी मुळं बघितली आणि म्हणाली, “अगं, मारून टाकशील त्यांना.” तिच्या अंगणातली झाडं कधी अशी वाऱ्यावर पडलेली नव्हती. पण या पानांत इतकं पाणी साठलेलं असतं की आठवडाभरही त्यांना काही होत नाही. मुळांवरच्या जखमा मात्र तेवढ्यात सुकतात, आणि कुजण्याची पहिली वाट बंद होते.

मग एका रात्री मी नकाशा उघडला. एचेवेरिया हे नाव अतानासिओ एचेवेरिया या मेक्सिकन चित्रकाराचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या राजाने न्यू स्पेनमधल्या, म्हणजे तेव्हाच्या मेक्सिकोतल्या, वनस्पती नोंदवायला मोहीम पाठवली होती, तिच्यासाठी त्याने चित्रं काढली. 1828 साली द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडांच्या प्रजातीला त्याचं नाव दिलं. तो ज्या प्रदेशात फिरला तो बघायचा म्हणून मी मेक्सिको सिटी शोधली आणि अक्षांश वाचला: साधारण 19.4 उत्तर. पुणे 18.5. मुंबई 19 च्या किंचित वर. म्हणजे ही झाडं आमच्याच अक्षांशावरची! मध्यान्हीचा सूर्य त्यांच्याकडे वर्षभर जसा सरकतो, जवळजवळ तसाच आमच्याकडे. आणि पाऊस? तोही जून ते सप्टेंबर जोरात, थोडा आधी सुरू होऊन ऑक्टोबरात रेंगाळणारा. वर्षाचा पाऊस सात-आठशे मिलिमीटरच्या घरात, पुण्याच्या आसपासचाच.

तोवर मी यांना वाळवंटी झाडं समजत होते, जशी सगळेच समजतात. वाळवंट कुठलं? ती डोंगरकड्यांवरची झाडं आहेत. पावसाळ्यात चिंब भिजणारी. मग मेक्सिकोत जो पाऊस त्यांना वाढवतो तोच पुण्यात त्यांना कुजवतो कसा?

एक उत्तर उंचीत आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर, पुणे 560 वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणून तिकडे जूनच्या रात्री 12-13 अंशांच्या असतात आणि आमच्याकडे 23 च्या. दुसरं उत्तर कड्यात आहे. कड्याच्या फटीत मूठभर दगडी चुरा असतो, पाणी पडतं आणि निघून जातं, वरून वारा असतो. आमच्या बाल्कनीत तीच पावसाळी रात्र उबदार, दमट आणि गप्प हवेची असते. पाणी तेवढंच, पण ते सुकत नाही. त्या रात्रीपासून माझं सगळं करणं एवढ्या एका गोष्टीभोवती फिरत राहिलं: कुंडीला कडा कसं बनवायचं.

मातीपासून सुरुवात केली. परदेशी व्हिडिओंत ज्याचं कौतुक चालतं तो प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, इथे सहज मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. आमच्या सोसायटीजवळ बांधकाम चालू होतं, तिथून फुटक्या विटा आणल्या, हातोडीने फोडल्या आणि दोन चाळण्यांतून काढल्या. वरच्या चाळणीत राहिले ते मोठे तुकडे तळाला, खाली पडली ती भुकटी फेकून दिली, मधले ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे होते ते कामाचे. भुकटी फेकणं महत्त्वाचं. तीच नंतर सगळ्या फटी बुजवते. विटेचे तुकडे दोन भाग, काळ्या दगडाची बारीक कच एक भाग, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) एक भाग, आणि कोकोपीट व गांडूळखत मिळून एक भाग. त्यात मूठभर नीमपेंड. हे प्रमाण पुण्याच्या बाल्कनीचं आहे. नागपूरच्या उन्हात कोणी हेच वापरलं तर मे महिन्यात रोज पाणी घालावं लागेल. पारख सोपी आहे: भरलेल्या कुंडीत पाणी ओतलं की ते वर साचता कामा नये, लगेच खालून बाहेर यायला हवं. कुंड्या मातीच्या घेतल्या, भाजलेल्या, रंग न लावलेल्या. रंग लावला की कुंडीचं अंग श्वास घेत नाही, आणि पैसे रंगाचेच जास्त घेतात.

उजेडाचं कोडं सुटायला वर्ष जावं लागलं. आमची बाल्कनी दक्षिणेची. हिवाळ्यात तिथे ऊन थेट आतल्या फरशीपर्यंत येतं, म्हणून झाडं तिथे मांडली आणि एप्रिलपर्यंत उत्तम होती. मेच्या मध्यानंतर एकेक रोप वर ताणायला लागलं. पानं एकमेकांपासून सुटली, खाली झुकली, मधला दांडा दिसायला लागला. ऊन तर कडक पडत होतं. पण ते बाल्कनीत पडत नव्हतं. पुण्यात 14 मेच्या सुमाराला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या अखेरीस पुन्हा शून्य सावली येईपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या बाल्कनीला वर स्लॅब असेल तर त्या अडीच महिन्यांत तिला थेट ऊन मिळतच नाही, आणि जूनपासून वर ढग. म्हणजे ज्या वेळी झाडाने पाणी भराभर वापरायला हवं त्याच वेळी त्याचा उजेड जातो. आता मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी सगळं बिऱ्हाड स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत हलवते. तिथे सकाळचं ऊन साडेदहापर्यंत मिळतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र बाल्कनीलाच निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी लागते, नाहीतर पानांवर तपकिरी डाग पडतात आणि ते डाग पान गळेपर्यंत जात नाहीत.

पाण्याचं गणित आईला समजावून सांगताना मला स्वतःला नीट कळलं. तिचं म्हणणं, “पाणी घालायचं नाही म्हणतेस आणि घालतेस तेव्हा कुंडी तुडुंब. हे कसलं तंत्र?” तंत्र एवढंच की पूर्ण भिजवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. कधी, ते वार बघून ठरत नाही. सगळ्यांत खालचं पान दोन बोटांत हलकं दाबायचं. टणक असेल तर थांबायचं, जरा नरम लागलं किंवा बारीक सुरकुती दिसली तर पाणी. शंका असेल तर उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून काढायची. तिला ओल लागली तर आज पाणी नाही. थंडीत माझ्याकडे दहा-बारा दिवसांनी पाळी येते, एप्रिलमध्ये सहा-सात. मेच्या ऐन उन्हाळ्यात रात्रीही उकडतं तेव्हा ही झाडं सुस्तावतात, तेव्हा थोडं कमी, आणि तेही संध्याकाळी.

संध्याकाळीच का, याचं कारण पानांच्या आत आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवा घेतात. ही मंडळी उलट्या पाळीची. दिवसा तोंड बंद, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, तो मॅलिक आम्लाच्या रूपात पानांत साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात वापरायचा. हे आम्ही पुस्तकात वाचतो, पण ते जिभेवर कळतं हे मला फार उशिरा समजलं. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहिलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1813 साली एका पत्रात लिहिलं होतं की एका झाडाची पानं सकाळी सॉरेलइतकी आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळकडे कडवट. सॉरेल म्हणजे आपल्या चुक्याची युरोपातली भावकी. आणि ते झाड म्हणजे आपली पानफुटी! आईच्या अंगणात तुळशीच्या मागे ती किती तरी वर्षं उभी आहे, कुणाला मुतखडा झाला की शेजारचे पान मागायला येतात. मी सकाळी उठल्या उठल्या नखाएवढा तुकडा चावला: चांगला आंबट. दुपारच्या चहाला पुन्हा तेवढाच: नुसतं पाणचट गवत. एचेवेरिया पानफुटीच्याच घराण्यातलं. रात्र थंड असेल तर ही साठवण झकास होते आणि रात्र उकाड्याची असेल तर झाडाला कामच नीट करता येत नाही, म्हणून 23 अंशांच्या रात्रीत मी त्याला फार वाढायला सांगत नाही.

आता पावसाळा. इथे थोडं थांबते, कारण पुण्यातली बरीच सक्युलंट जून ते सप्टेंबरमध्ये जातात.

पहिल्या जुलैत ‘पर्ल फॉन न्यूर्नबर्ग’चं खालचं एक पान काचेसारखं पारदर्शक दिसलं. हात लावला तसं ते गळून पडलं. देठाकडची बाजू ओली आणि पिवळी. दुसऱ्या दिवशी आणखी चार. वरून रोप एकदम तजेलदार! हेच फसवं असतं. कूज दांड्यातून वर चढत असते आणि वरच्या पानांना अजून बातमी लागलेली नसते. अशा वेळी वाट बघणं म्हणजे झाड सोडून देणं. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून मी डोकंच कापून घेतलं. कापलेल्या दांड्यात मध्यभागी तपकिरी कडं दिसलं, म्हणजे कूज तिथवर आली होती. आणखी पाव इंच वर कापलं, पुन्हा ब्लेड पुसलं, पुन्हा कापलं. पांढरट हिरवा स्वच्छ छेद दिसला तेव्हा थांबले. आईने आतून हळद आणून लावली. ती तिच्या समाधानासाठी. खरं काम करते ती कोरडी हवा. डोकं रिकाम्या कटिंग चहाच्या ग्लासावर ठेवलं, दांडा खाली लोंबता, पानं कडेवर टेकलेली. ग्लासात पाणी अजिबात नाही. छेद आठवडाभरात सुकला आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातून हवेतच गुलाबी मुळं निघाली. मुळं दिसल्यावर कुंडीत, आणि पाणी त्यानंतर. खाली उरलेला दांडा कुजलेला होता म्हणून टाकला. निरोगी झाडाचं डोकं कापलं असेल तर तो ठेवायचा, त्याला कडेने पिल्लं फुटतात.

त्यानंतर पावसाळ्याची तयारी मी मेमध्येच करते. स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली स्टीलची भांड्यांची मांडणी आता झाडांची आहे. तिच्या फळ्यांना भोकं आहेत, पाणी कुठेच तुंबत नाही. वरच्या फळीखाली साधी पांढरी एलईडी बॅटन लावलीय, वीस वॅटची, पानांपासून वीतभर वर. ढगाळ महिन्यांत ती रोज बारा तास चालते. आणि सगळ्यांत मोठं औषध म्हणजे छोटा टेबल फॅन, झाडांवर थेट न रोखता शेजारच्या भिंतीवर रोखलेला. कड्यावरचा वारा बाजारात मिळत नाही, पण हे त्याच्या जवळ जातं. पाणी त्या दिवसांत महिन्यातून एखाददुसऱ्यांदाच, तेही सलग दोन उघडिपीचे दिवस दिसले तर. बुरशीनाशक म्हणाल तर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबची मिश्र पावडर लिटरला दोन ग्रॅम या मापाने जूनच्या तोंडावर एकदा फवारते. तोंडाला रुमाल, हातमोजे, आणि स्वयंपाकघरापासून लांब, गच्चीत. माती चुकलेली असेल तर ही पावडर काही वाचवत नाही.

पिठ्या ढेकणाबद्दल फार लिहीत नाही, तो ज्याच्या घरी आलाय त्याला सांगावं लागत नाही. कापसासारखा पांढरा पुंजका पानांच्या बेचक्यात दिसला की ते रोप आधी बाकीच्यांपासून दूर करायचं, कान साफ करायच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपायचा, आणि दर चार-पाच दिवसांनी पुन्हा बघायचं, कारण अंडी मागे राहतात. फुलांच्या दांड्यावर तो हमखास येतो. म्हणून पुष्कळ लोक दांडा दिसताच कापतात. मी निम्मे ठेवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी-गुलाबी घंटा लोंबतात, मेक्सिकोत अशा फुलांवर गुंजनपक्षी येतात, आमच्याकडे जांभळा शिंजीर येऊन हवेत फडफडत चोच खुपसून जातो. एवढ्यासाठी थोडं स्पिरिट खर्च करायला माझी हरकत नाही.

पानापासून रोप करणं हा या सगळ्यातला निव्वळ आनंदाचा भाग. निरोगी पान धरून डावी-उजवीकडे हलकं हलवायचं. ते दांड्यावरून अखंड सुटलं पाहिजे. बुडाशी टिकलीएवढा जो बिंदू असतो त्यातूनच नवं रोप येतं, पान तिथे फाटलं तर ते नुसतं वाळेल. सुटलेली पानं मी मिठाईच्या खोक्याच्या झाकणात कोरडी पसरते, माती नाही, पाणी नाही. काही दिवस काहीच होत नाही. मग बटाट्याला डोळा फुटावा तशी बुडाशी हिरवी गाठ दिसते, कधी आधी मुळं, कधी आधी पिल्लू. काही पानं नुसतीच मुळं काढतात आणि महिनोन्महिने तशीच बसतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मुळं दिसली की झाकणात बारीक कच पसरायची आणि फवाऱ्याने हलका ओलावा. आईपान सुकून कागदासारखं होईपर्यंत त्याला तोडायचं नाही, पिल्लू त्याच्यावरच जगत असतं. हे करण्याचा चांगला काळ पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी. घोस्ट प्लांट मात्र काळवेळ बघत नाही. त्याचं पान फरशीवर पडून कपाटामागे गेलं आणि दिवाळीच्या साफसफाईत रोप होऊन बाहेर आलं.

या नादात मी सेम्परव्हिव्हम नावाचं सक्युलंटही आणलं होतं, युरोपातल्या डोंगरांवरचं. मध्ययुगातल्या युरोपच्या शार्लमेन सम्राटाच्या आज्ञापत्रात माळ्याने ते आपल्या घराच्या छपरावर ठेवावं असं कलम आहे, त्या वाचनाने भारावून. पुण्याच्या एप्रिलने त्या भारावण्याची किंमत सांगितली. त्यापेक्षा बांधावरचं घायपात बघावं. तेही मूळचं मेक्सिकोचं, तेही असंच चक्राकार पानांचं, आणि आपल्याकडे त्याच्या दोरांनी कित्येक शेतकऱ्यांचे बैल बांधले गेले. ते एकदाच फुलतं, फुलोऱ्याचा खांब उभा करतं आणि मरतं. एचेवेरियाचं तसं नाही, ते दरवर्षी फुलून उरतं. हे मुद्दाम सांगते, कारण पहिला दांडा आला की घाबरून विचारणारे बरेच भेटतात.

गेल्या नोव्हेंबरात धाकटी बहीण रत्नागिरीहून आली. मांडणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, मला ते निळं दे ना.” ते निळं म्हणजे एलेगन्स, मेक्सिकोतल्या हिदाल्गो राज्याच्या डोंगरांतलं. तिला समजावलं की रत्नागिरी समुद्राच्या पातळीवर, तिथे जानेवारीतही रात्र पुण्याइतकी उतरत नाही, आणि पाऊस तर पुण्याच्या चौपट. त्यापेक्षा हावर्थिया ने. ते दक्षिण आफ्रिकेचं, झुडपांच्या सावलीत वाढणारं, खिडकीतल्या उजेडावर खूश. घोस्ट प्लांटची दोन पिल्लंही ने, छपराखाली ठेव, पावसाळ्यात पंखा लाव. तिने सगळं ऐकून घेतलं, हावर्थियाची कुंडी हातात घेतली, एलेगन्सकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे देणार नाहीस. सरळ सांग ना.”